मागे उभं केलेलं काम

नूतनने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एक ओळ टाइप करून आपलंच काम रांगेच्या शेवटी पाठवलं. स्क्रीनवर शेजारच्या खिडकीत अडून बसलेली लग्नाची फिल्म लगेच पुढे सरकू लागली.

"बंद केलं का तुह्यं?" मैनाबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, विचारलं.

"नाही आई, चालूच हाय. फक्त मागे उभं केलं. तुमच्या फिल्मचं भागलं, की उरलंसुरलं त्याले भेटते."

बालाघाटच्या या व्हिडिओ-मिक्सिंगच्या दुकानात कॉम्प्युटर एकच, तोही म्हातारा. त्यावर सासूबाई लोकांची लग्नं कापत आणि जोडत; सुनेचा प्रोग्रॅम आत कुठेतरी दाण्यांचे फोटो बघून सुगंधी चिन्नोर कोणता आणि भेसळीचा तांदूळ कोणता, हे शिकत बसे. दोन्ही कामं भांडायला लागली, तेव्हा नूतनने हा तोडगा लिहिला. कामाचा नंबर आणि एक आकडा दिला, की तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगणार, कोणाला आधी आणि कोणाला नंतर. मैनाबाईंना त्याचं भारी कौतुक. समजो न समजो, गिऱ्हाइकांनाही ऐकवत.

"हा उन्नीस काहून टाकला?"

"जितका मोठा आकडा, तितकं मागे."

"अन् पुढे आणाचं असंन त?"

"उणे टाकाचं. पण थे मले नाही जमत. मागे कोणीबी आपल्या मनानं जाऊ शकते; पुढे याले मालकाचा पासवर्ड लागते."

तो पासवर्ड मैनाबाईंकडे. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीने सांभाळलं, आणि तो पासवर्ड पोटच्या पोरालाही, प्रीतमलाही, सांगितला नव्हता. नूतनने कधी मागितला नाही.

"तुह्यं कधी द्याचं हाय?"

"होईन, आई."

ती हसली, पण नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाऊन आली. पाचच्या आत प्रोग्रॅमचा निकाल नागपूरच्या कॉलेजला गेला तरच प्रवेशाच्या मुलाखतीचं बोलावणं. नाहीतर हे वर्ष गेलं. फिल्म काही पाचच्या आत संपत नव्हती, आणि ती न्यायला गिऱ्हाईक येतच असेल. नूतन चहा ठेवायला आत गेली.

मैनाबाईंनी आयुष्यभर लग्नातले चेहरे पाहिले होते. नवरीची आई हसता हसता क्षणभर मांडवाच्या दाराकडे बघते, तेवढाच तुकडा त्या अचूक उचलत. अशी नजर साऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला नव्हती.

नूतन चहा घेऊन आली तेव्हा खैरलांजीचे प्रेमलाल, फिल्ममधल्या नवरीचे वडील, खुर्चीच्या टोकावर बसले होते. फिल्मची पट्टी जागची हलत नव्हती. नूतनने स्क्रीन पाहिला. तिचीच ओळ पुन्हा टाइप केलेली होती, दोनदा. फिल्मच्या नंबरापुढे एकोणीस. तिच्या कामाच्या नंबरापुढे उणे वीस. तिने ट्रे टेबलावर ठेवला.

"शेवटची बस जाईन ना, मैनाबाई," प्रेमलाल कुरकुरले. "उद्या सकाळीच पोरीच्या सासरी न्याची हाय फिल्म."

"प्रीतम गाडीनं सोडून देईन तुमाले. चहा घ्या."

"पण माह्या पोरीचं काम थांबलं काहून?"

मैनाबाईंनी कीबोर्ड नूतनकडे सरकवला.

"भाऊ, माह्या पोरीचं चालू हाय."