मला फडके म्हणू नका

मी एक जुनी झोळी आहे, मित्रांनो, आणि मला फार राग आला आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. मी भिक्षेची झोळी नव्हे. मूल कडेवर बांधून घ्यायची झोळी. लांबलचक, हातमागाची, तपकिरी अंगावर काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा असलेली. आमच्या जावा बेटावर अशा कापडाला लुरिक म्हणतात. एका खांद्यावरून घ्यायचे, दुसऱ्या बगलेखालून काढायचे आणि गाठ मारायची. मूल आत, आईचे हात मोकळे. म्हातारपणी राग शोभत नाही असे लोक म्हणतात. ज्यांच्या अंगाने कोणी मोटारसायकल पुसलेली नाही, त्यांनी ते खुशाल म्हणावे.

क्लातेनजवळच्या एका खेड्यात माझा जन्म झाला. सुताला भाताच्या पेजेची खळ दिलेली होती. विणणारी म्हातारी मागावर बसली की हातांनी धोटा फेकायची आणि तोंडाने सुनांची उणीदुणी काढायची. त्या दोन्ही आवाजांत मी वाढले. माझ्या शेजारी मेणाची नक्षी काढलेली, सोनेरी-निळी बातिक कापडे विकायला असत. गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघून हरखायचे आणि माझ्यावर हात पुसून पुढे जायचे. तेव्हाही मला राग यायचा, पण तो तरुणपणाचा, लवकर विरणारा राग होता.

मग एक दिवस मला सारिन्तेनच्या घरी नेले. तिला सातवा महिना लागला होता. आमच्याकडे सातव्या महिन्यात होणाऱ्या आईला फुलांच्या पाण्याने न्हाऊ घालतात आणि एकामागून एक सात कापडे नेसवून बघतात. पहिले नेसवले, भारी, राजवाड्यातल्या नक्षीचे. नेसवणारीने विचारले, "शोभतं का गं?" आणि जमलेल्या बायका ओरडल्या, "नाही शोभत!" दुसरे, तिसरे, सहावे, सगळी एकाहून एक देखणी. "नाही शोभत! काढ ते!" शेवटी मला गुंडाळले. मला वाटले, आता हसतील. तर सगळ्या बायका टाळ्या पिटत म्हणाल्या, "हे शोभलं! हेच शोभलं!"

रीतच तशी आहे, शेवटी साधे कापडच शोभायचे असते, हे मला पुढे कळले. पण मित्रांनो, आयुष्यात एकदा का होईना, आपल्यासाठी टाळ्या वाजलेल्या ऐकल्या की माणूस आणि कापड, दोघांनाही त्या जन्मभर पुरतात.

सारिन्तेनने माझ्यात दोन मुले वाढवली. थोरली यात्मी आणि धाकटा गियातनो. यात्मी लग्न होऊन सेमारांग शहरात गेली. गियातनो गावातच कौलांच्या भट्टीवर लागला, त्याचे लग्न वुरीशी झाले, आणि बरीच वर्षे पेटीत कापराच्या गोळ्यांबरोबर काढल्यावर मी पुन्हा बाहेर आले. वुरीच्या मुलीसाठी. तिचे नाव किनांती.

वुरीचा दिवस सांगते, म्हणजे माझ्या रागाचे मूळ कळेल. वुरी टेंपे करून विकते. सोयाबीन उकडायचे, भिजवायचे, टोपलीत घालून पायांनी तुडवत साली सुट्या करायच्या, धुवायचे, वाफवायचे, गार झाले की विरजण लावून केळीच्या पानात बांधायचे. पानातच त्याची पांढरी घट्ट वडी धरते. हे सगळे किनांतीला कडेवर घेऊन. दाणे तुडवताना वुरी हिंदकळायची आणि तिच्याबरोबर पोर हिंदकळायची, मग खुदकन हसायची. पान बांधताना पोरीचा हात पानाकडे. तोंडात घातलेले पान बोटाने काढावे, तोवर दुसऱ्या हातात विरजणाचा डबा. बाजारात गेली तर गिऱ्हाइकाच्या नाकाला हात. भाताची गुरगुटी भरवावी तर अर्धी पोटात, अर्धी माझ्यावर. माझ्यावरचे डाग बघून कोणी नाके मुरडायची नाहीत. तो माझा दागिना आहे.

आता चूक कुठे झाली ते ऐका. पोर सातव्या महिन्यात आली की आमच्याकडे तिचे पाऊल पहिल्यांदा जमिनीला लावतात. रंगीत चिकट भातावरून चालवतात, उसाच्या शिडीवर चढवतात, आणि मग कोंबड्या झाकायच्या मोठ्या टोपल्याखाली बसवतात. आत कंगवा, पेन्सिल, तांदूळ, अंगठी असे काहीबाही ठेवलेले असते. मूल जे उचलेल, ते त्याचे नशीब. सेमारांगहून यात्मीही आली होती. सगळे वाकून बघत होते. किनांतीने पेन्सिलीकडे पाहिले नाही, अंगठीकडे पाहिले नाही. टोपल्याच्या भोकातून हात बाहेर काढला आणि आईच्या खांद्यावरून लोंबणारा माझा पदर धरून ओढला.

मला काय आनंद झाला! आणि यात्मी हसत म्हणाली, "घ्या! ही पोरगी आईच्या कडेवरच म्हातारी होणार."

ते बोलणे गावाने उचलले. पोर वर्षाची झाली, वर आणखी थोडे दिवस गेले, तरी चालेना. बसायची, रांगायची, खाट धरून उभी राहायची. हात सोडला की मट्‌कन खाली. झाले! बाजारात मिरचीवाली म्हणायची, "काय वुरी, तुझ्या पोरीचे पाय भाड्याने दिलेत का?" शेजारीण म्हणायची, "हाताच्या वासाचं झालंय गं पोर. खाली ठेव जरा." ज्या मुलाला सतत घेतले जाते त्याला आईच्या हाताचा वास लागतो, मग ते दुसरे काही मागत नाही, अशी आमच्याकडची समजूत. आणि दोष कोणाचा? माझा आणि वुरीचा. तिने पोरीला खाली ठेवायचे कुठे? चुलीपाशी? उकळत्या हंड्यापाशी? हे मात्र एकीनेही सांगितले नाही.

रोज्यांचा महिना संपून ईद झाली आणि यात्मी पुन्हा आली. ह्या वेळी गाडीतून एक वॉकर उतरला. गुलाबी, चाकांचा, दाबला की गाणे वाजवणारा. आल्या आल्या तिने पोरीला वुरीच्या कडेवरून काढले आणि त्यात बसवले. किनांतीने पायाच्या बोटांनी जमीन शोधली, सापडली नाही, आणि भोकाड पसरले.

"रडू दे," यात्मी म्हणाली. "दिक वुरी, तू आता बाजारात जा. मी बघते. सवय मोडायला कोणीतरी कठोर व्हायलाच हवं."

दिक म्हणजे धाकटी. धाकटीने थोरल्या नणंदेला उलट बोलायचे नसते. वुरी मान खाली घालून टोपली घेऊन गेली. पोर झाल्यापासून पहिल्यांदा तिच्या अंगावर मी नव्हते. मी खुंटीवर होते.

गियातनो मोटारसायकल धूत होता. त्याने हाक मारली, "ताई, एखादं फडकं दे गं."

आणि यात्मीने मला खुंटीवरून काढून त्याच्याकडे फेकले.

मित्रांनो, फडके! मी ह्या दोघांची लाळ झेलली. ताप आला तेव्हा रात्रंदिवस ह्यांचा घाम टिपला. ह्याच गियातनोला माझ्यात झोपवून त्याच्या आईने भात लावला. आणि त्याने माझ्या अंगाने साखळीचे काळे तेल पुसले, मला पिळले आणि कुंपणावर टाकून दिले. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही. ओळखले असते आणि मग पुसले असते, तर कदाचित इतका राग आला नसता.

वुरी परतली तेव्हा पोर वॉकरमध्येच रडून झोपली होती, मान एका बाजूला पडलेली. वुरीने तिला उचलले, कुंपणावरून मला काढले, मोरीत नेऊन साबण लावून चोळले. तिचे हात बोलत होते. माझ्या विणीला ते ऐकू आले.

संध्याकाळी जेवणे झाल्यावर खरी गोष्ट बाहेर पडली. यात्मीच्या लग्नाला बरीच वर्षे झाली, मूल नाही. आमच्याकडे म्हणतात, मूल नसलेल्या घरात दुसऱ्याचे मूल आणून वाढवले की त्याच्या ओढीने स्वतःचे मूल येते. अशा मुलाला गळाचे मूल म्हणतात. मासा ओढायला गळ, तसे मुलाला ओढायला मूल. यात्मीला किनांती हवी होती.

"वर्षभर फक्त," ती भावाला म्हणाली. "तिथे चांगले डॉक्टर आहेत, गुळगुळीत फरशी आहे. चालायला लागेल. तिचंही भलं, माझंही भलं. आणि तिने टोपल्याखालून काय धरलं होतं, विसरलात? इशाराच होता तो. ह्या झोळीतून तिला सोडवायला हवं."

गियातनो बहिणीचे डोळे बघत होता. बायकोकडे बघायचे त्याने टाळले. "वुरी, ताई काही परकी नाही," तो म्हणाला. "तुलाही कामाला हात मोकळे होतील."

वुरीने ताटे उचलली. म्हाताऱ्या सारिन्तेनने पानाचा विडा तोंडात घातला आणि भिंतीकडे तोंड करून चघळत राहिली. शहरातल्या लेकीपुढे तिचे तोंड उघडायचे नाही. मला तिचाही राग आला. हिला सगळे ठाऊक होते! मला जीभ असती तर मी तिथल्या तिथे सांगितले असते.

सकाळी पोरीचे कपडे पिशवीत भरलेले दिसले. यात्मीनेच भरले होते. मग ती मागल्या दारी आली. वुरी टोपलीत उभी राहून दाणे तुडवत होती, आणि किनांती तिच्या कडेवर होती. वुरीने मला रोजच्यापेक्षा घट्ट बांधले होते. एकीवर एक, दोन गाठी.

"दे तिला. उन्हाच्या आधी निघायचंय."

"नाही," वुरी म्हणाली.

"काय?"

"नाही देणार, म्बाक."

म्बाक म्हणजे थोरली ताई. इतक्या वर्षांत ह्या शब्दापुढे 'हो' सोडून दुसरे काही आले नव्हते. आवाज ऐकून गियातनो आला, "अगं, आता ऐन वेळी काय हे!" म्हणाला.

वुरी टोपलीतून उतरली नाही. पाय चालूच. "म्बाक, तुम्हाला मूल व्हावं म्हणून मी प्रत्येक नमाजात मागते. पुढंही मागेन. पण माझी पोर म्हणजे विरजण नाही, ह्या भांड्यातलं उचलून त्या भांड्यात लावायला. आणि मास," ती नवऱ्याकडे वळली, "माझे हात मोकळे व्हावेत असं तुम्हाला वाटतं ना? मग दिवसातून घटकाभर तुम्ही घ्या तिला. तुमचे हातही हातच आहेत."

"ती चालत नाही, वुरी!" यात्मीचा आवाज चढला. "ह्या मळक्या चिंधीत बांधून तू तिला पांगळी करशील!"

तेव्हा भिंतीकडे बघणारी म्हातारी वळली. तिने विडा थुंकला.

"न्दुक," ती म्हणाली. मोठ्या झालेल्या लेकीला ती अजून लहान मुलीसारखीच हाक मारते. "न्दुक यात्मी, तू दीड वर्षाची होऊन गेलीस तरी पाय टेकत नव्हतीस. हाटात बायका मला विचारायच्या, सारिन्तेन, पोरगी आहे का तांदळाचं पोतं? तुझी आत्याही तुला न्यायला आली होती. तिलाही मूल नव्हतं."

"मग?"

"मग काय? तू इथंच मोठी झालीस ना? ह्याच चिंधीत. मी दोन गाठी मारल्या होत्या."

टोपलीत वुरीचे पाय थांबले. यात्मी पुढे आली. मला वाटले, आता गाठ सोडणार. तिने माझा काठ चिमटीत धरला, जिथे कधीतरी एका लहान मुलीने दात येताना चावून चावून सूत सोडवले होते. ती तिथेच पायरीवर बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. वुरीने टोपलीतून उतरून, ओल्या पायांनीच, तिच्याजवळ बसून पाठीवर हात ठेवला. किनांतीने वाकून आत्याचे केस ओढले. माझा राग त्या क्षणी थोडा कमी झाला, हे कबूल करते. मग मोटारसायकल आठवली.

यात्मी एकटीच गेली. वॉकर इथेच राहिला. आता त्यात तांबडी कोंबडी अंडी घालते, आणि हलली की गाणे वाजते.

पोर लगेच चालली असे समजू नका. पावसाचे दिवस सरले तरी ती माझ्यातच होती. गियातनो भट्टीवरून आला की खांद्यावर मला घेऊ लागला, पहिल्या दिवशी त्याने गाठ चुकीच्या बाजूला मारली आणि भट्टीवरच्या मित्रांनी त्याला "काय बाई, दूध किती देतेस?" असे विचारले. तोही हसला.

मग एका सकाळी सारिन्तेनने मला किनांतीच्या छातीवरून, दोन्ही काखांतून मागे घेतले आणि माझी दोन टोके वुरीच्या हातात दिली. आमच्याकडे मुलाला चालायला असेच शिकवतात, झोळीनेच! ज्यांनी मला नावे ठेवली ते सगळे असेच चालायला शिकले. पोर पुढे, आई मागे वाकलेली, मध्ये मी ताणलेली. रोज थोडे. आणि एकदा, कोंबडीमागे जाताना, मला पोरीचे वजन लागेना. वुरीने टोके सैल सोडली होती. किनांती माझ्यातून निसटून परसाच्या दुसऱ्या टोकाला निघाली होती, हात पसरून, दारुड्यासारखी झुलत. वुरी खाली बसली. मी तिच्या हातात रिकामी लोंबत होते. ती रडत होती, आणि तिने डोळे पुसले ते मलाच. त्या पुसण्याचा मला राग आला नाही.

मित्रांनो, माझे दिवस आता थोडे आहेत. विणीला भोके पडली आहेत. धुऊन, घडी करून पेटीत ठेवा, एवढे मागणे माझ्यासाठी. दुसरे मागणे आयांसाठी आहे. कडेवर मूल घेऊन उभी असलेली बाई तुम्हाला बाजारात, दारात, कुठेही दिसेल. तिचे मूल किती महिन्यांचे झाले, अजून का चालत नाही, हे विचारू नका. तिला काही शिकवू नका. तिच्या दुसऱ्या हातातली पिशवी तेवढी धरा.