फाटकातून आत, डाव्या हाताला

मित्रांनो, मला उचलून हलवलेत तर काही वाजणार नाही. आत काहीच नाही. मी रंगाचा एक जुना, रिकामा डबा आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तसा रिकाम्या डब्यालाही आवाज फार, आणि त्या आवाजावरच माझा सारा जन्म गेला. माझ्या बुडाला इतके पोचे आहेत की जमिनीवर ठेवले तर मी डुगडुगतो. मार खाऊन खाऊन मी बधिर झालो आहे. पूर्वी प्रत्येक थाप अंगभर झिणझिणत जायची. आता थाप पडते, आवाज होतो, आणि मला आतून काही होत नाही. तेव्हा गोष्ट सांगताना मी मध्येच रडेन किंवा हसेन, अशी वाट पाहू नका.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. मला कापले, वळवले, कडी बसवली आणि पोटात हिरवा तेलरंग भरून दुकानाच्या फळीवर नेऊन ठेवले. तिथून मला रंगारीकाकांनी आणले. माझ्यातला रंग त्यांनी एका शाळेच्या खिडक्यांना दिला. रंग संपल्यावर डब्याच्या नशिबी काय असते? ब्रश बुडवायचे टर्पेंटाइन, नाहीतर भंगार. पण काकांना एक सवय होती. ब्रश रंगात बुडवला की जास्तीचा रंग झटकायला ते दांडा माझ्या काठावर दोनदा हलके आणि एकदा जोरात आपटत. ठक-ठक, ठाण्! हात कामात असला तरी मन फुटबॉलच्या मैदानावर असे. एका सामन्याच्या दिवशी ते काम अर्धे टाकून मैदानाकडे पळाले, तेव्हा मी त्यांच्या हातातच राहिलो. तिथे त्यांनी सवयीने मला ठोकले, आणि आजूबाजूच्यांनी त्यावर ताल धरला. त्या दिवसापासून माझ्यात कुणी ब्रश बुडवला नाही. कडीत सुतळी ओवून काका मला गळ्यात अडकवू लागले आणि लोक त्यांना 'ठोक्या रंगारी' म्हणू लागले.

तिथे दोन संघ होते. त्यांची खरी नावे कुठल्यातरी पाटीवर असतील, पण ती कुणी घेत नसे. मैदानाच्या फाटकातून आत शिरले की डाव्या हाताच्या पायऱ्यांवर बसणारे ते डावे आणि उजव्या हाताला बसणारे ते उजवे. त्यांचे खेळाडूही डावे आणि उजवे. डाव्या घरात उजवा जावई आला तर त्याला जेवायला वाढत, पण आग्रह करत नसत. डाव्यांचा सेंटर फॉरवर्ड उजव्या पायाने खेळे, तर त्या बिचाऱ्याला घरचेही संशयाने बघत.

काकांचे वडील डावे का झाले, याचे कारण काकू हळूच सांगत. दुपारच्या सामन्याला डाव्या पायऱ्यांवर सावली असे, आणि सासरेबुवांना ऊन सोसत नसे. कारण इतकेच. पण हे काकांना खपत नसे.

"हे रक्तात असतं," ते म्हणत. "सावलीत नसतं."

समोर उजव्यांमध्ये एक न्हावी बसे. दोन बोटे तोंडात घालून तो अशी शिट्टी मारी की गल्लीतली कुत्री भुंकू लागत. माझी थाप आणि त्याची शिट्टी मैदानाच्या दोन बाजूंनी एकमेकींशी भांडत. दोघेही आपापल्या कामात तरबेज होते, पण काकांनी त्याच्याकडे कधी केस कापून घेतले नाहीत. "उजव्याच्या वस्तऱ्याखाली मान देऊ? वेड लागलंय का मला?" असे ते विचारत आणि दाढीसाठी भरउन्हात गावाच्या दुसऱ्या टोकाला चालत जात.

एकदा मध्यंतरात काका जागा सोडून गोलच्या मागे गेले आणि डावे हरले. तेव्हापासून त्यांनी नियम केला. पहिली थाप जिथे पडेल, शेवटचीही तिथेच. मध्ये हलायचे नाही, आभाळ कोसळले तरी. हा नियम डाव्यांनी पाळला आणि थट्टा करत करत उजव्यांनीही मान्य केला.

काकांचे घर डाव्या पायऱ्यांच्या मागच्याच गल्लीत होते. ते घराकडे पाठ करून बसत, त्यामुळे घरात माझा आवाज दबून येई आणि शिट्टी मात्र समोरून, लांबून पण स्पष्ट येई. काकू स्वयंपाक करता करता नुसत्या आवाजावरून सामना ओळखत.

काकांना एकच मुलगा. त्याला फुटबॉलचे वेड लागले नाही. तो बोटीवर नोकरीला लागला आणि बायको-मुलीला घरी ठेवून महिनोन्महिने समुद्रावर राहू लागला. सूनबाई दूरच्या गावची होती. तिच्या माहेरी चेंडू म्हणजे लहान मुलांची वस्तू, एवढेच ठाऊक.

"माझ्यामागं हा डबा कोण वाजवणार?" काका एकदा म्हणाले.

सूनबाई मटार सोलत होती. म्हातारा माणूस हिरमुसू नये म्हणून ती म्हणाली, "मी वाजवीन, बाबा."

काका खूप हसले. मग एकदम गंभीर झाले. "फाटकातून आत गेलीस की डाव्या हाताला. आणि एकदा थाप लागली की हलायचं नाही. एवढं ध्यानात ठेव, बाकी आपोआप येतं."

तिने ते दोन्ही पाठ करून टाकले. सासऱ्याच्या औषधांच्या वेळा पाठ करतात तसे.

एका सकाळी शिडीवर चढण्याआधीच काका खाली बसले. उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. भेटायला आलेला एक डावा मित्र म्हणाला, "बघा, उजवी बाजू शेवटी दगा देणारच." कुणी हसले नाही. तो स्वतःही नाही.

काका खिडकीजवळच्या खाटेवर पडून राहिले आणि मी त्या खाटेखाली. ते कुणाकडे बघत नसत. नजर छताला लागलेली. काकूंनी घास भरवला तर तो गालात तसाच राही. सूनबाईच्या हातून मात्र ते चार चमचे गिळत. म्हणून भरवणे, पुसणे, कुशीवर वळवणे हे सारे तिच्याकडे आले. ती सगळे नीट करी, पण यंत्र चालावे तशी करी. नवऱ्याचा फोन आला की म्हणे, "ठीक आहे सगळं." मुलीने काही विचारले तरी म्हणे, "ठीक आहे." तिला काय वाटत होते, हे तिलाही सांगता आले नसते. तिच्यात आणि माझ्यात त्या दिवसांत फारसा फरक नव्हता.

मग डॉक्टर म्हणाले, "त्यांना ऐकू येतंय. ओळखीचे आवाज कानावर पडू द्या. माणूस कधीकधी त्यानं परत येतो."

त्या घरात ओळखीचा आवाज एकच होता. डावे-उजवे सामना जवळ आला होता. सूनबाईने मला खाटेखालून काढले, फडक्याने पुसले आणि गळ्यात अडकवले. काकूंना खिडकी उघडी ठेवायला सांगून ती आयुष्यात पहिल्यांदा मैदानाकडे निघाली.

मित्रांनो, आता नीट ऐका. काका आजारी असताना रस्ता रुंद झाला होता. मैदानाचे जुने फाटक विटांनी बुजवले होते आणि बरोबर विरुद्ध अंगाला नवे काढले होते. डावे आपल्या जुन्या पायऱ्यांवरच राहिले. नव्या फाटकातून आले की त्या पायऱ्या उजव्या हाताला येत, तरी तिथे बसणारे डावेच. यात कुणालाही काही वावगे वाटले नाही, म्हणून ते कुणी कुणाला सांगितलेही नाही.

सूनबाई वळणावळणाच्या गल्ल्यांतून नव्या फाटकाशी आली. फाटकातून आत गेली आणि डाव्या हाताला वळली. बसल्यावर तिला मैदानापलीकडे आपल्या घराची खिडकी दिसली. बरे झाले, आवाज सरळ जाईल, असे वाटून तिने ब्रशचा दांडा उचलला. ठक-ठक, ठाण्!

आजूबाजूची सगळी डोकी वळली. ती थाप त्यांनी उभा जन्म समोरून ऐकली होती.

"पोरी, हा ठोक्याचा डबा ना?" शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले. तो न्हावी होता.

"हो. मी त्यांची सून."

"मग इथं कशी? हे उजवे आहेत."

"फाटकातून आत, डाव्या हाताला," ती म्हणाली.

"अगं, ते जुन्या फाटकातून!"

सूनबाईने समोरच्या पायऱ्यांकडे पाहिले. तिथले लोक उभे राहून इकडेच बघत होते. ती अर्धवट उठली आणि पुन्हा बसली.

"थाप लागली," ती म्हणाली. "आता हलता येत नाही."

न्हाव्याने थोडा विचार केला. "खरंय. आता नाही हलता येत." त्याने आपली पिशवी बाजूला घेऊन तिला नीट जागा करून दिली. "कसा आहे तो?"

"बोलत नाहीत. पण ऐकू येतं म्हणतात."

"मग वाजव. चांगलं दणकून वाजव. मी आहे सोबतीला."

त्याने दोन बोटे तोंडात घातली आणि माझ्या थापेशी ताल जुळवून शिट्टी मारली. एका पोरगेल्या उजव्याने कुरकुर केली, तेव्हा न्हावी म्हणाला, "गप रे. शत्रू आजारी आहे आपला." साऱ्या सामन्यात आम्ही दोघे एका जागेवरून वाजत राहिलो. सामना बरोबरीत सुटला. जाताना न्हाव्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. घरी परतताना सूनबाईचे पाऊल कितीतरी दिवसांनी जरा हलके पडत होते.

काकू दारातच उभ्या होत्या. "अगं, ते वळले! आपलं आपण! भिंतीकडे तोंड केलंय त्यांनी!"

सूनबाईचे डोळे भरून आले. पण काकूंचा चेहरा काही वेगळेच सांगत होता.

"डबा आणि त्या न्हाव्याची शिट्टी एकाच जागेवरून येत होती," काकू म्हणाल्या. "समोरून. त्यांना वाटलंय, आपण डबा उजव्यांना दिला."

"सांगते मी त्यांना, फाटकाचं."

"आत्ता नको. रागावू दे. रागावलेत म्हणजे जिवंत आहेत. पुढच्या सामन्याला जागेवर बस, त्यांना आपोआप कळेल."

तिन्हीसांजेला सूनबाई वाटी-चमचा घेऊन खाटेशी गेली. काकांनी तोंड मिटून घेतले. तिने चमचा ओठांशी नेला, तेव्हा दातही आवळले. काकूंच्या हातून मात्र ते आता घास घेऊ लागले, चावू लागले, कधी छताऐवजी दाराकडे बघू लागले. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. सूनबाई खोलीत आली की ते भिंतीकडे वळत. ती दोन-तीनदा खाटेच्या पायथ्याशी बसली. "बाबा, ते फाटक..." असे म्हणून थांबली. ते डोळे मिटून घेत. नंतर सांगू, असे म्हणून ती उठे. एवढी वर्षे मी इथे राबले, ते एका चुकीत गेले का, असेही तिच्या मनात येत असावे. तिला ते लागले होते. फार लागले होते.

पुढचा सामना येण्याआधीच काका गेले. तोंड भिंतीकडेच होते.

त्या सामन्याला सूनबाई मला घेऊन गेली आणि उजव्या हाताला वळून डाव्यांमध्ये, काकांच्या जागेवर बसली. लोकांनी सरकून वाट दिली. "रक्ताची नाही, पण निष्ठा बघा," असे मागून कुणीतरी म्हणाले. तेव्हापासून तिने एकही सामना चुकवला नाही. उन्हातापात गेली, अंगात ताप असताना गेली. चेंडूकडे ती बघत नसे. थाप देताना तिची नजर पायऱ्यांच्या मागे आपल्या घराकडे वळे आणि परत येई.

तिची मुलगी मोठी होऊ लागली. एकदा तिने विचारले, "आई, आपण डावे का?"

"आजोबा डावे होते म्हणून."

"आणि आपण उजवे झालो तर?"

"आजोबा रुसतील," सूनबाई म्हणाली आणि मला पुसत राहिली.

मुलीला तेवढे पुरले. आता ब्रशचा दांडा तिच्या हातात आहे. ती घसा बसेपर्यंत ओरडते, डावे हरले की जेवत नाही. तिचे प्रेम खोटे नाही, ते तिच्या हातावरून मला समजते. परवा फाटकाशी तो न्हावी भेटला. आता तो काठी टेकत येतो. त्याने तिच्यापुढे पेपरमिंटची गोळी धरली. "उजव्यांकडून आम्ही काही घेत नाही," ती ठणकावून म्हणाली. न्हावी पोट धरून हसला. "शाब्बास! ठोक्याची नात शोभतेस!" सूनबाईने मान खाली घातली. आताही तिने मुलीला काही सांगितले नाही.

मित्रांनो, मला कोरडे ठेवा, माझा काठ गंजू देऊ नका, असे सांगून मी थांबलो असतो. पण काका भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा मी त्यांच्या खाटेखालीच होतो. मला भलेमोठे तोंड आहे, पण बोलता येत नाही. 'बाबा, फाटक बदललं,' एवढेच तर शब्द होते. तुम्हाला बोलता येते. घरातले कुणी रुसून पाठ फिरवून पडले असेल, तर ते वळण्याची वाट बघू नका. पाठीला सांगा, पण सांगून टाका.