पोटाखालचा गंज

मित्रांनो, मी एक जुनी, मूळची राखाडी रंगाची छोटी मोटार आहे. माझे इंजिन अजून एका हाकेला ओ देते आणि थोड्याशा पेट्रोलवर मी लांबचा पल्ला गाठते. माझ्यात खोट आहे ती पोटाखाली. वाकून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही, आणि वाकून पाहणारी माणसे फार थोडी.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी धडधाकट होते. माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. त्यांनी मला जपून वापरले. पण एका वर्षी नदीचे पाणी त्यांच्या इमारतीच्या तळघरात शिरले आणि मी तिथेच उभी होते. पाणी आधी चाकांना लागले, मग दारांच्या फटींतून आत आले, मग सीटवर चढले. ते ओसरल्यावर डॉक्टरांनी मला उन्हात वाळवले, इंजिन दुरुस्त करून घेतले, सीटना नवी कव्हरे घातली. मी चकाचक दिसू लागले. पण चिखल गेला तो दिसणारा. उरलेला सांदीकोपऱ्यांत बसला आणि ब्रेकचे ऑइल चाकांपर्यंत नेणाऱ्या लोखंडी नळ्यांना गंज चढू लागला. दातांच्या डॉक्टरांच्या गाडीलाच आतून कीड लागावी, याला काय म्हणावे!

डॉक्टरांनी मला विकायला काढले तेव्हा माझ्या पुढच्या मालकीणबाई, ताई, आणि त्यांचे यजमान मला पाहायला आले. ताई घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घेत. कुणाचा गुडघा धरलेला, कुणाचे अर्धे अंग लुळे पडलेले. घरची मोठी गाडी यजमान कामावर नेत आणि ताई बसच्या वाटा पाहत. म्हणून दुसरी गाडी घ्यायची, पण स्वस्त, वापरलेली आणि पेट्रोल कमी पिणारी, असे घरात ठरले होते. आधी पाहिलेल्यांपैकी एक फार पेट्रोल खात होती, एकीचे दार लागत नव्हते. मी दोघांच्याही मनात भरले. यजमानांनी ॲव्हरेज विचारले, टायर पाहिले, इमारतीभोवती एक चक्कर मारली.

ताईंनी तेवढे विचारले, “डॉक्टर, लपवण्यासारखं काही नाही ना?”

“डोळे झाकून घ्या,” डॉक्टर म्हणाले.

आणि त्यांनी मला डोळे झाकूनच घेतले.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. मागच्या सीटवर ताईंचे टॉवेल, रबरी पट्टे आणि शेजारी त्यांची लेक चिमणी. चिमणीने माझे नाव करडी ठेवले. करडीला पेट्रोलचा नुसता वास दिला तरी ती पळते, असे यजमान पाहुण्यांना सांगत. कौतुक कुणाला नको असते? मीही जोमाने धावत असे. पण रोजच्या त्या धावण्यात नळ्या झिजत होत्या.

एका सकाळी चिमणीला माझ्या चाकाजवळ ओला डाग दिसला.

“आई, करडी रडतेय,” ती म्हणाली.

एसीचे पाणी असेल, असे यजमान म्हणाले. ब्रेक खोल जातोय, अशी ताईंनी तक्रार केली, तेव्हा जुन्या गाडीचे असेच असते, पुढच्या महिन्यात दाखवू, असे ठरले. ताईंच्या रुग्णांपैकी एक आजोबा आजारातून उठून पहिली पावले टाकत होते. त्यांचा एक दिवसही चुकवायला ताई तयार नव्हत्या. पुढचा महिना आणखी पुढे गेला.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. माझ्याजवळ ब्रेकचा एक तांबडा दिवा आहे, तो मी लावला. यजमानांनी वरून ब्रेकचे ऑइल भरले. दिवा विझला, तसे सगळे निर्धास्त झाले. माझी मात्र बोलतीच बंद झाली.

चिमणीची शाळा टेकडीवर होती. त्या दुपारी उतार उतरताना ताईंनी ब्रेक दाबला आणि तो सरळ तळाला जाऊन टेकला. खाली चौकात शाळा सुटलेली मुले रस्ता ओलांडत होती.

“चिमणे, डोकं गुडघ्यांवर ठेव. वर बघू नकोस,” ताई म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा.

त्यांनी गियर उतरवला, हँडब्रेक ओढला आणि मला रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर घातले. पत्रा फाटत गेला. मी थांबले, तेव्हा मुले हाकेच्या अंतरावर होती.

चिमणीला फक्त खरचटले. ताईंचे उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण पकड परत आली नाही. दुसऱ्यांची बोटे हलवणाऱ्या ताई आता सोफ्यावर बसून स्वतःच रबरी चेंडू दाबत. आजोबांसाठी दुसरी बाई लावली गेली.

गॅरेजवाल्याने फुटलेली नळी बदलली आणि बाकीच्याही त्याच वाटेवर आहेत, गाडी कुठेतरी पाण्यात बुडालेली दिसते, असे सांगितले. तरी एक नवे जोडपे मला पाहायला आले. आपल्याला तरी कुठे कुणी सांगितले होते, म्हणून यजमानांनी ताईंना गप्प राहायला बजावले होते. ताईंनी पाहुण्यांसमोर पाण्याचे पेले ठेवले आणि डावा हात उजव्या मनगटावर धरून म्हणाल्या, “ही बुडालेली गाडी आहे. माझा हात हिच्यातच गेला. घेऊ नका.”

जोडपे निघून गेले. हिला भंगारात द्यायचे, असे ताईंनी ठरवले आणि यजमानांनी मान डोलावली. पण ताई हात दाखवायला दवाखान्यात गेल्या असताना यजमानांनी मला परगावच्या एका दलालाला देऊन टाकले. ताईंना अजून वाटते, मी भंगारात गेले.

यजमान वाईट नाहीत. घरातली पीडा जावी, एवढेच त्यांना हवे होते.

दलालाने माझे पोचे काढले, मला चंदेरी रंग दिला. पोटाखालच्या गंजक्या नळ्या मात्र तशाच राहिल्या. आज एक माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन आला. तिला उपचारांना न्यायला त्याला साधी, कमी खर्चाची गाडी हवी आहे. आई माझ्यात बसली, हात फिरवून म्हणाली, “छान आहे रे. चढायला सोपी.”

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी वापरलेली गाडी घेणार असेल, तर त्यांचा हात धरून थांबवा. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहायला सांगा, ब्रेक तपासायला सांगा. आणि गाडी विकणार असाल, तर घेणाऱ्याला खरे सांगा.

उद्या सकाळी ते मला न्यायला येणार आहेत. या गावातून बाहेर पडायला एकच रस्ता आहे, आणि तो सगळा उताराचा आहे.