चाकापुढची उजेडाची फाक

मुलांनो, कल्पना करा की तुम्ही एका उभ्या जीपच्या शेजारी मातीत पालथे पडला आहात. गाल जमिनीला टेकवलेला. कपडे मळतील, मळू द्या. आता पुढच्या चाकाकडं बघा. चाक जिथं जमिनीला टेकलं आहे, तिथून गाडीच्या नाकाच्या सगळ्यात खालच्या टोकापर्यंत मनातल्या मनात एक सरळ रेघ ओढा. रेघेच्या खाली आणि जमिनीच्या वर काय दिसतं? कलिंगडाची फाक असते ना, तशी उजेडाची एक फाक.

गाडी चढ चढते ती इंजिनाच्या जोरावर, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. आधी चाकाला चढापर्यंत पोचता आलं पाहिजे. चढ त्या फाकेत मावला, तर चाक आधी चढाला लागतं आणि गाडी वर जाते. चढ जास्त उभा असला, तर चाकाच्या आधी नाक जाऊन धडकतं. मग इंजिन कितीही दांडगं असो, ते नुसतं ओरडतं. मागच्या चाकामागंही अशीच एक फाक असते. उतार संपून गाडी सपाटीला आली की मागचं शेपूट उतारावर टेकतं की नाही, ते ती फाक ठरवते. गाडीवाले पुढच्या फाकेला अप्रोच अँगल म्हणतात आणि मागच्या फाकेला डिपार्चर अँगल. आमच्या राजनंदिनीनं तिला फाकच म्हटलं, म्हणून मीही फाकच म्हणणार आहे.

राजनंदिनी माझ्या शाळेतली, पाचवीची मुलगी. मी आता निवृत्त आहे, पण रोज शाळेच्या ओट्यावर बसतो, आणि मुलं आपणहून येतात. आमचं गाव नळदुर्गकडून मुरुमला जाताना आत वळल्यावर लागतं. राजनंदिनीचं घर मात्र गावात नाही, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. ओढ्याला पूल नाही. पाणी असतं जोराच्या पावसापुरतं, पण काठ बारा महिने उभे. वर काळी माती, खाली मुरूम. ट्रॅक्टर कसाबसा पार होतो. पण अवघडलेल्या बाईला ट्रॅक्टरच्या हादऱ्यात कोण बसवणार?

मागच्या खेपेला राजनंदिनीच्या आईला, राजेश्वरीला, बाजेवर घालून चौघांनी ओढा पार करून आणलं होतं. सडकेला लागेपर्यंत फार उशीर झाला. ते बाळ हाती लागलं नाही. राजनंदिनीनं ती बाज खांद्यांवरून जाताना पाहिली होती. त्या दिवसापासून ती बाजेवर झोपत नाही, खाली अंथरुण टाकते. आणि यंदा राजेश्वरीचे दिवस पुन्हा भरत आले होते.

म्हणून जीप आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. जीप घेतली दिग्विजयनं. त्याचे मालट्रक हैदराबादच्या हायवेवर धावतात. माणूस वाईट नाही. वडील, अमरसिंहदादा, वारले, त्यांच्या नावानं वस्तीवरच्या आजारी माणसांसाठी त्यानं चारी चाकांना जोर असलेली जुनी जीप घेतली. ती आली तेव्हा अगदी साधी होती. नाक आखूड, शेपूट आखूड. ड्रायव्हर कल्याणप्पानं पहिल्याच दिवशी ती ओढ्यात उतरवली आणि पलीकडच्या काठावर बकरीसारखी चढवली. पोरं ओरडत मागं धावली. राजनंदिनी काठावर पालथी पडून बघत होती, म्हणूनच चाकापुढचा तो उजेड तिच्या लक्षात राहिला.

मग अर्पणसोहळा ठरला, आणि इथून माझा राग सुरू होतो.

आमच्याकडं दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव लागलंच पाहिजे. शाळेतल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव आहे. वीज असली की ते गरागरा फिरतं, वाचता येत नाही. वीज गेली की वाचता येतं, पण तेव्हा आम्ही घाम पुसत असतो. इथवर मी हसून सोडून देत आलो. पण जीपला काय केलं ऐका. पुढं जाड लोखंडी गार्ड बसवला आणि त्याच्या खाली टेबलाएवढी पाटी टांगली: ‘कै. अमरसिंहदादा यांच्या स्मरणार्थ’. मागं लोखंडी पायरी लटकवली आणि तिच्यावर दिग्विजयचं स्वतःचं नाव. हार घातले, नारळ फोडला, भाषणं झाली. ओढा तिथून हाकेच्या अंतरावर होता, तिकडं कुणी मान वळवून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कल्याणप्पा राजेश्वरीला तपासणीला न्यायला वस्तीवर निघाला. गाडी गावाकडच्या काठावरून उतरली आणि तळाशी पोचताच पाटीनं नांगरासारखी माती उकरली. त्यानं जोर लावला, गाडी फूटभर सरकली, तर मागची पायरी उतारावर टेकली. पुढून रुतली, मागून लटकली. मागची चाकं हवेत फिरायला लागली. राजेश्वरी पलीकडं वाट बघत उभी होती. शेवटी ती पोटाला हात लावत स्वतः ओढ्यात उतरली आणि लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन अलीकडचा काठ चढली. वर येईपर्यंत तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मुरुमच्या दवाखान्यात तिला सहा आसनी रिक्षातून न्यावं लागलं.

जीप ट्रॅक्टरनं ओढून काढली. तोवर गाव जमलं होतं. कोंडीराम नावाचा एक गृहस्थ दिग्विजयच्या मागंपुढं असतो. त्यानं सुरुवात केली.

“कल्याणप्पा, तुला म्हशीच बऱ्या रं! गाडी चालवायला येरागबाळं चालत न्हाय.”

“परवा गेली हुती ओ,” कल्याणप्पा म्हणाला. “ह्याच वाटेनं गेली हुती.”

“परवा तुझं नशीब गेलं हुतं!”

लोक हसले. कल्याणप्पा खाली बघत राहिला. दिग्विजयनं निकाल दिला, “आजपासून गाडी ओढ्याच्या अलीकडं उभी राहील. वस्तीवाल्यांनी तेवढं चालत यायचं. दोन पावलांचा तर ओढा.”

मुलांनो, गाडी घेतली ती कशासाठी? ओढ्यासाठी. आणि ठरलं काय? गाडी ओढ्यात जाणार नाही. सगळं गाव माना डोलवून घरी गेलं.

दुपारी राजनंदिनी माझ्याकडं आली. डोळे लाल होते, पण रडत नव्हती.

“सर, गाडी तीच, वाट तीच, काका तेच. मग बदललं काय?”

“तूच सांग.”

तिनं विचार केला. “पाटी. आणि पायरी.”

“असं तुला वाटतं. लोकांना पटेल असं दाखवता येईल का?”

मला उत्तर ठाऊक होतं. पण मी ते दिलं असतं तर ते माझं झालं असतं, आणि ते तिचं होणं गरजेचं होतं. ती ओट्यावर बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग उठली आणि कुंपणाची जाड तार घेऊन आली.

आम्ही ओढ्यावर गेलो. तिनं तारेचा एक हात ओढ्याच्या तळावर सपाट ठेवला आणि तारेचाच दुसरा हात काठाच्या चढाला लावून वाकवला. चढ जेवढा उभा, तेवढी तार उभी. ती वाकलेली तार तिनं भरलेलं दुधाचं पातेलं न्यावं तशी जपत जीपपाशी नेली. तारेचा कोपरा पुढच्या चाकाच्या बुडाशी ठेवला. तारेचा एक हात जमिनीवर, दुसरा गाडीच्या नाकाकडं वर. तो वर जाईना. पाटीला अडला.

“सर, हे बघा. फाकेत ओढा मावतच न्हाय.”

“आणि पाटी नसती तर?”

तिनं तार बाजूनं धरून जुन्या बंपरपर्यंत नजर नेली. तारेच्या वर चांगली वीतभर जागा मोकळी होती. मागं पायरीपाशीही तोच प्रकार. कल्याणप्पा बोनेटला टेकून हे सगळं बघत होता. तो हळूच म्हणाला, “म्हंजे माझा पाय गेला न्हाय म्हना की. मला वाटलं, क्लच सोडायचंच इसरलो मी. चावी परत द्यायला निघालो हुतो.”

“तुमचा पाय बराय काका,” राजनंदिनी म्हणाली. “पाटी खाली हाय.”

संध्याकाळी आम्ही तिघं दिग्विजयच्या घरी गेलो. तिनं तार दाखवली, सगळं नीट सांगितलं. दिग्विजयनं ऐकलंही. पण कोंडीरामला राहवलं नाही.

“वारलेल्या माणसाचं नाव उतरवायचं? उद्या म्हनशील, फोटोचा हारबी काढा!”

मी म्हणालो, “उतरवू नका, हलवा. दारावर रंगवा, टपावर लावा.”

“टपावरचं वाचनार कोन? कावळे?”

दिग्विजय माझ्याकडं न बघता म्हणाला, “सर, दादांचं नाव समोरच पाहिजे. दिवाळीनंतर जेसीबी लावून काठच उतरवून देतो. तोवर थांबा.”

“भैया, बाळ दिवाळीपत्तोर कसं थांबंल?” राजनंदिनीनं विचारलं.

त्यावर चहा आला. मी तो घेतला नाही. आयुष्यभर मुलांना सांगत आलो की आवाज चढवल्यानं गणित सुटत नाही. त्या संध्याकाळी मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. एका लोखंडी पत्र्यासाठी एक बाई पुन्हा बाजेवर जाणार होती, आणि ते सगळ्यांना चालत होतं!

पुढच्याच आठवड्यात, सकाळी शाळेची घंटा झाली आणि ओढ्याकडून हाक आली. पलीकडच्या काठावर राजनंदिनीचे वडील बलभीम उभे होते.

“कळा सुरू झाल्यात! बाज काढतोय!”

बाज हा शब्द ऐकला आणि राजनंदिनीनं दप्तर तिथंच टाकलं. जीप ओढ्याच्या अलीकडं, ठरवल्याप्रमाणं, शोभेसारखी उभी होती. कल्याणप्पा तिच्यात बसून होता. “काका, पाना!” एवढंच ती म्हणाली. त्यानं सीटखालची पिशवी तिच्यापुढं ओतली. ती गार्डाखाली शिरली, नटावर पाना चढवला आणि हातानं फिरेना तेव्हा त्याच्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली. नट कुरकुरला आणि सुटला. कल्याणप्पा दुसरा पाना घेऊन मागच्या पायरीला भिडला. मी माझ्या म्हाताऱ्या हातांनी गार्ड पेलून धरला.

तेवढ्यात मोटरसायकलवरून दिग्विजय आणि कोंडीराम आले.

“ए पोरी, हात काढ! कुणाला इचारलंस?” कोंडीराम उडी मारून उतरला.

आता मात्र माझा आवाज चढला. “कोंडीराम, एक पाऊल पुढं टाकू नकोस! गाडी कुणासाठी आहे, ते त्या काठाकडं बघून सांग!”

तो बघतच राहिला. मला कुणी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. शेवटचा नट सुटला, गार्ड आम्ही खाली ठेवला. राजनंदिनीनं पाटी वेगळी केली, उचलता येत नव्हती तरी उचलली आणि दिग्विजयपुढं उभी केली. तिच्या खालच्या कडेची अक्षरं ओढ्याच्या मुरमानं खरवडून गेली होती आणि उरलेल्यांत चिखल वाळला होता.

“भैया, बघा. आमी न्हाय केलं हे. गाडी रुतली तवाच झालं. दादांचं नाव मातीत घासतंय. तुमाला चालतंय का?”

दिग्विजयनं पाटी हातात घेतली. खिशातला रुमाल काढून वडिलांच्या नावावरचा चिखल पुसायला लागला. पुसता पुसता थांबला. पलीकडून चार माणसं खांद्यावर बाज घेऊन काठाकडं येताना दिसत होती. त्यानं पाटी लिंबाला टेकवून ठेवली.

“कोंडीराम, बघतोस काय? मागची पायरी धर.”

पायरी निघाली. कल्याणप्पा गाडीत बसला, पण त्याचा हात चावीवर थांबला. त्या दिवशीचं हसू त्याच्या कानात अजून असावं. त्यानं राजनंदिनीकडं बघितलं.

ती ओढ्याच्या तळाला उतरली, वाटेपासून लांब, कडेच्या दगडापाशी, आणि मातीत पालथी पडली. शाळेचा गणवेश, गाल जमिनीला. गाडी हळूहळू काठावरून उतरली. पुढची चाकं तळाला टेकली. नाकाखाली उजेड होता. मागची चाकं उतरली, शेपटाखालीही उजेड होता. गाडी पलीकडच्या चढापाशी आली आणि पुढचं चाक सगळ्यात आधी चढाला लागलं.

राजनंदिनीनं पडल्या पडल्याच हात वर केला, “या काका, मावतंय!” आणि मग उठून, तोंडाभोवती दोन्ही हात धरून, पलीकडच्या काठावरच्या वडिलांना ओरडून सांगितलं,

“आप्पा, बाज खाली ठेवा! गाडी येतीय!”