दोन किल्ल्यांची झारी

मी झारी बोलतेय. पत्र्याची, बुटकी, बर्लिनमधल्या एका जुन्या दफनभूमीतली. माझ्या बुडाला भोक आहे, त्यामुळे माझ्यात पाणी राहत नाही आणि आता भीडही राहिलेली नाही. तेव्हा स्पष्टच सांगते, मला माणसांची किळस आली आहे. सगळ्यांची नाही म्हणा. पण जगाच्या कल्याणाच्या मोठमोठ्या बाता मारणाऱ्यांची तर पुरती आली आहे.

माझा जन्म लढाई संपल्यानंतरचा. माझा पत्रा त्याआधी बंदुकीच्या गोळ्यांचा डबा होता. शहर पडलं तेव्हा असले डबे रस्तोरस्ती लोळत होते आणि लोकांच्या घरात बटाटे उकडायला धड पातेलं नव्हतं. सैनिकांच्या टोपांच्या चाळण्या झाल्या, तशी एका म्हाताऱ्या पत्रेवाल्याने डब्याची झारी केली. मला कापलं, वाकवलं, डाग देऊन सांधे जोडले, आणि एका पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडून ते तोटीच्या तोंडावर बसवलं. "जा बाई," म्हणाला, "आता तरी कुणाच्या भल्याला ये." मला वाटलं, चला, सुटले पापातून.

मला नेलं दोन बहिणींनी. थोरली हेडविग, धाकटी आनेली. धाकटीची लेक उर्झेल, दोन वर्षांची, त्या वर्षीच्या थंडीत गेली होती. घरातल्या खुर्च्यासुद्धा जाळून झाल्या होत्या, कोळसा नव्हता, पोरीची छाती भरली आणि खेळ संपला. दफनभूमीच्या अगदी मागच्या भिंतीजवळ लिंडनच्या झाडाखाली तिला ठेवलं होतं. हेडविगला मूलबाळ नव्हतं. उर्झेल तिचीही होती, असं म्हटलं तरी चालेल.

आमच्याकडे थडगं म्हणजे लहानशी बागच. फुलं लावायची, निगा राखायची. दोन दिवस पाणी चुकलं तर शेजारच्या थडग्यावरच्या बायका नाकं मुरडतात. झारी ज्याची त्याने आणायची आणि नळाजवळच्या कठड्याला साखळी-कुलूप घालून टांगायची. हो, कुलूप! मेलेल्यांच्या गावातही झाऱ्या चोरणारे जिवंत लोक येतातच. माझ्या कुलपाला दोन किल्ल्या होत्या, दोन बहिणींकडे एकेक. लांबून ओळखू यावी म्हणून हेडविगने माझ्या पोटावर पांढऱ्या रंगाचा रुंद पट्टा ओढला होता.

हेडविग पुढच्या फाटकाने यायची, आनेली मागच्या. मधल्या काळात जिंकलेल्यांनी शहराच्या वाटण्या केल्या होत्या. हेडविगचं घर आणि आमची दफनभूमी रशियावाल्यांच्या वाट्याला गेली, आणि मागच्या फाटकाबाहेरचा रस्ता, जिथे आनेली राहायची, तो अमेरिका आणि तिच्या दोस्तांच्या वाट्याला. कालपर्यंत दोघे एका बाजूने लढले होते. आता आपलंच जग कसं बरं, हे सांगत एकमेकांच्या नावाने बोटं मोडत होते. बहिणींना त्याचं काही नव्हतं. एकीने माती उकरायची, दुसरीने पाणी घालायचं.

नवरे मात्र बघून घ्यावेत! हेडविगचा नवरा ब्रूनो कम्युनिस्ट पार्टीचा माणूस, कोटाला बिल्ला लावल्याशिवाय बाहेर न पडणारा. आनेलीचा एगोन पलीकडच्या कारखान्यात कामाला, खिशात कायम अमेरिकन सिगारेटी. एकदा उर्झेलच्या वाढदिवशी दोघे साडू थडग्यापाशी एकत्र आले. ते नाकेबंदीचं वर्ष. रशियावाल्यांनी पलीकडे जाणारे रस्ते अडवले होते आणि पलीकडे पीठ-कोळसा घेऊन विमानांवर विमानं डोक्यावरून घरघरत जात होती.

"बघा साडूबुवा," एगोन आभाळाकडे बोट दाखवून म्हणाला, "आम्हाला वरून पीठ येतं. तुमचे लोक काय देतात? भाषणं?"

"फुकटचं पीठ पचत नसतं," ब्रूनो म्हणाला. "उद्या मानगुटीवर बसतील, तेव्हा येशील रडत. आमच्याकडे निदान सगळे सारखे."

"सारखे म्हणजे, सारखे उपाशी!"

"अहो, पोरीच्या उशाशी उभे आहात," हेडविग कडाडली. "जनाची नाही, मनाची तरी ठेवा!"

"मी नाही सुरू केलं," दोघे एकदमच म्हणाले.

शी! एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. जगाचं भलं कशात आहे हे दोघांनाही तोंडपाठ, पण मला नळाखाली धरायला एकाचाही हात पुढे झाला नाही. उलट भांडता भांडता ब्रूनोने चिरुटाची राख माझ्यातच झटकली. त्या दिवसानंतर साडूंचं बोलणं तुटलं ते कायमचं.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. लाभ झालेला तिसरा मी तरी पाहिला नाही. बारा-तेरा वर्षांनी, ऑगस्टातल्या एका रविवारी सकाळी, माणसं पलीकडे पळू नयेत म्हणून आमच्या बाजूच्या सैनिकांनी मागचं फाटक तारांनी गुंडाळलं, आणि काही दिवसांनी विटा रचून बुजवून टाकलं. त्या सकाळी तारांपलीकडे आनेली उभी होती आणि फाटक गदागदा हलवत होती. "ताई! अगं माझ्याकडे किल्ली आहे!" असं ओरडत होती. हातात माझी किल्ली! झारीच्या किल्लीने फाटक उघडतंय होय? पण तिच्याकडे दुसरी कुठली किल्लीच नव्हती.

"अने, घरी जा," हेडविग ओरडली. "मी आहे ना इथे! उर्झेलला कोरडी ठेवणार नाही. जीव गेला तरी नाही!"

तेव्हापासून त्या बाईचा सगळा जीव त्या एका शब्दात अडकला.

मागची भिंत आता सरहद्द झाली होती, त्यामुळे तिथल्या थडग्यांपाशी जायला परवाना लागायचा. हेडविग कचेरीत खेटे घालून तो घेऊन आली. तेवढ्यात दोन्हीकडे कर्णे लागले. इकडून गाणी आणि शिव्या, तिकडून बातम्या आणि शिव्या. मढ्यांनासुद्धा झोप लागू नये इतका गोंगाट. सांगायचं काय, तर आमच्याकडे माणूस सुखी आहे!

पलीकडच्या लोकांनी भिंतीवरून डोकावायला लाकडी मचाण बांधलं. इकडून हात हलवायला सक्त मनाई होती. मग हेडविगने काय करावं? रविवारी चर्चची दुपारची घंटा झाली की तिने मला भरायचं आणि डोक्याच्याही वर उंच धरून पाणी सोडायचं. फुलांना कुणी असं पाणी घालतं का? पण माझा पांढरा पट्टा मचाणावरून दिसायचा. तिथे आनेली रुमाल काढून कपाळ पुसल्यासारखं करायची. दोघींची भेट ती एवढीच. मी बंदुकीच्या गोळ्या वाहिलेला पत्रा, पण त्या दिवसांत मला स्वतःचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

मग नोव्हेंबरातला मृतांचा रविवार आला. त्या दिवशी आमच्याकडे झाडून सगळे दफनभूमीत येतात, थडगी फर झाडाच्या फांद्यांनी झाकतात आणि बाग वसंतापर्यंत निजवतात. पाणी कुणी घालत नाही. गोठून फुटतील म्हणून नळही आधीच बंद केलेले असतात. त्यात वरून पाऊस कोसळत होता. पण मचाणावर आनेली आल्यावाचून राहणार नव्हती, आणि आपण दिसलो नाही तर ती काय समजेल? हेडविगने घरून दुधाच्या किटलीत पाणी आणलं, माझ्यात ओतलं आणि घंटेबरोबर मला उंच धरलं.

"अहो बाई!" पहाऱ्यावरचा शिपाई धावत आला. "वरून धो धो पडतंय आणि तुम्ही झारी घेऊन? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"फांद्यांखाली पाणी पोचत नाही, भाऊ," हेडविग चाचरत म्हणाली.

"नळ तर बंद आहे. हे पाणी कुठून आणलं?"

"घरून."

"घरून! पावसात घालायला घरून पाणी! आम्हाला काय दूधखुळे समजता? कुणाला खूण करत होतात?"

त्याने मला हिसकावलं, उपडं केलं आणि चिठ्ठी लपवलीय का बघायला तोटीत लांब तार खुपसली. तुमच्याकडे झारीतले शुक्राचार्य म्हणतात ना, पाण्याची वाट अडवून आत बसलेले? इथे शुक्राचार्य बाहेर उभा होता, बिल्ला लावून, आणि स्वतःच तार खुपसत होता. सापडलं काही नाही. तरी परवाना गेला.

दुसऱ्या दिवशी ब्रूनोला कचेरीत बोलावलं. हे मला पुढे त्याच्याच तोंडून कळलं, म्हातारपणी नळापाशी बसून एकटाच बडबडायचा तेव्हा. तो घरी येऊन बायकोवर डाफरला, "माझ्या नोकरीचा तरी विचार करायचा! पोर जाऊन वर्षं झाली. कशाला हा नसता उपद्व्याप?"

"तुम्ही सगळ्या जगाला सुखी करणार आहात ना?" हेडविग म्हणाली. "त्या सुखात एक झारीभर पाणी बसत नाही का हो?"

तो परवान्यासाठी शब्द टाकायलाही गेला नाही. त्याच हिवाळ्यात हेडविगचं हृदय थांबलं. आनेलीला नुसती तार मिळाली. तिला अंत्यविधीलाही येऊ दिलं नाही.

वसंतात सैनिकांनी भिंतीलगतची थडगी हटवली. दगड गाड्यांत भरले, लिंडन तोडला, सगळं सपाट करून वर वाळू पसरली. पळणाऱ्याची पावलं उमटावीत म्हणून वाळू दाताळ्याने विंचरायची आणि तिच्यात गवताचं पातंही उगवू द्यायचं नाही, असा हुकूम. त्यासाठी तणनाशकाची पिंपं आली. ते शिंपडायला एका शिपायाला काहीतरी हवं होतं. त्याने माझी साखळी कठड्यापासून तोडली आणि माझ्यात ते पिवळं, नाकाला झोंबणारं पाणी भरलं.

ज्या जागेवर मी पॅन्झीची फुलं वाढवली, त्याच जागेवर माझ्याच तोंडून विष ओतलं गेलं. तो शिपाई शीळ घालत होता. वारा आला की विष अंगावर उडू नये म्हणून मला उंच धरायचा. आणि पलीकडे मचाणावर एक रुमाल बाहेर निघाला. कपाळाला लागला, मग डोळ्यांना लागला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी ऐकले होते, पण हे त्याच्याही पलीकडचं! मला फुटून जावंसं वाटलं. पत्रेवाल्या म्हाताऱ्याचे डाग फार पक्के होते.

अशी कित्येक वर्षं गेली. मग एके दिवशी भिंत पडली. कशी पडली ते तुम्हाला ठाऊक आहे, नाचगाणी झाली, तुकडे विकायला फेरीवाले बसले. ज्या विटांनी माणसं तोडली त्यांचेही पैसे झाले. शी!

एगोन तोवर वारला होता. आनेली पाठीत वाकून, मोतीबिंदूचे डोळे घेऊन पुढच्या फाटकाने आत आली. ब्रूनो तिला घ्यायला उभा होता, बिल्ल्याशिवाय. उर्झेलची जागा शोधायची तरी कशी? झाड नाही, दगड नाही. पहाऱ्याच्या ओसाड खोपटात मात्र आनेलीच्या हाताला मी लागले. तिने माझा पट्टा चाचपला. मुठीला अजून तुटकी साखळी आणि कुलूप होतं. तिने गळ्यातली किल्ली काढली, फिरवली, आणि गंजलेलं कुलूप कुरकुरत उघडलं.

"भाओजी, हीच ती!" ती मला छातीशी धरून रडली. "ताई गेल्यावरही तो शिपाई हिनेच पाणी घालायचा. मी डोळ्यांनी पाहिलं. दगड काढले मेल्यांनी, पण तो पोरगा देवमाणूस होता. ताईने सांगून ठेवलं असणार त्याला."

ब्रूनोच्या मागेच ती पिंपं होती, कवटीचं चित्र असलेली. त्याने मला हातात घेतलं आणि नाकापाशी नेलं. वास अजून गेला नव्हता. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"हो," तो म्हणाला. "असेल तसंच."

आनेलीने अंदाजाने एक जागा धरली, वाळू काढून नवी माती घातली, पॅन्झी लावल्या आणि मलाच भरून पाणी घातलं. पॅन्झी माना टाकून मेल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा मेल्या. "माझ्या हातचं काही जगतच नाही," ती म्हणाली. "पोरही जगली नाही, फुलंही नाहीत."

दुसऱ्या दिवशी ब्रूनो एकटाच आला. जन्मात कधी कप न विसळलेला माणूस, त्याने नळाखाली मला वाळूने घासलं, सोड्याने घासलं, पुन्हा पुन्हा हुंगलं. मग खिशातून जाड खिळा काढला, माझ्या बुडाला टेकवला आणि दगडाने ठोकला. तुम्हाला वाटेल मला दुखलं. छे! इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

आनेली आली तेव्हा त्याच्या हातात प्लॅस्टिकची नवी हिरवी झारी होती.

"मोडलीत?" ती किंचाळली. "ताईची झारी मोडलीत? अहो, तुमच्या पार्टीला उभ्या जन्मात मोडण्याशिवाय दुसरं काय आलं हो?"

ब्रूनो आयुष्यभर प्रत्येक टोमण्याला तीन उत्तरं देणारा. त्याने मान खाली घातली.

"चुकलं माझं," म्हणाला. "हातातून पडली."

त्या वर्षी पॅन्झी फुलल्या. निळ्या, पिवळ्या.

मी पुन्हा त्याच कठड्याला टांगलेली आहे. कुलूप लावलेलं नाही, भोकाची झारी कोण चोरणार? एवढीच विनंती आहे, तुमच्यातला कुणी हौशी मला बघून डाग द्यायला निघाला तर हात आवरा. आणि आनेलीला यातलं काही सांगू नका. ती अजूनही दर रविवारी दुपारची घंटा झाली की त्या शिपायासाठी देवापाशी सुख मागते. मागू द्या तिला.