न वितळलेला मणी

मामंजी, म्हणजे माझे सासरे, पन्नास वर्षं माळा ओवून देत आलेत. काल संध्याकाळी शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या आईची स्फटिकाची माळ ओवताना शेवटचा मणी त्यांच्या हातून निसटला, तो थेट तेवढ्याच आकाराच्या काचेच्या मण्यांच्या डब्यात. भिंग लावून पाहिलं, खिडकीत नेऊन पाहिलं. सगळे सारखेच.

"डोळे संपले," ते म्हणाले. "उद्या नऊला बाई येतील. मणी सापडला नाही तर दुकान बंद."

"पन्नास वर्षं भिंगातून बघून मला कधी नीट बघितलंत?" सासूबाई म्हणाल्या. त्याही रात्रभर जाग्याच होत्या.

रोज सकाळी नऊपर्यंत माझं मौन असतं, फक्त ओठांतल्या ओठांत जप. पूजा आटोपून दुकानात आले तेव्हा मामंजी डब्यापुढे नुसते बसून होते. गिऱ्हाइकांना ते नेहमी सांगतात, ती गोष्ट आठवली. ग्रीक लोक बर्फाला क्रिस्टालोस म्हणायचे. डोंगरात सापडणारा स्फटिकही त्यांना बर्फच वाटायचा, इतका घट्ट गोठलेला की वितळायचंच विसरला. म्हणून त्यालाही तेच नाव.

मी मणी ताटात पसरले, हाताची ऊब जाईपर्यंत थांबले. मग चिमट्याने एकेक उचलून ओठाला लावत गेले. काच लगेच कोमट होत होती. चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या मण्याचा गारवा मात्र हटेना.

बोलता येत नव्हतं. मी त्यांचा चष्मा काढला आणि मणी त्यांच्या मिटल्या पापणीवर ठेवला.

मान मागे टाकून त्यांनी तो तिथेच तोलून धरला. "गार आहे," म्हणाले. "अजून गारच आहे."

आणि तो मणी त्यांनी पुन्हा ताटात टाकून सगळे हाताने कालवले.

मी पदर तोंडात धरला. नऊला वीस मिनिटं होती.

"तुला सापडला, त्याचा मला काय उपयोग? चिमटा दे."

डोळे मिटून ते एकेक मणी पापणीला लावू लागले. ओठ हलत होते, जपात माझे हलतात तसेच. नऊला दोन मिनिटं असताना त्यांनी एक मणी माझ्यापुढे धरला. मी ओठाला लावला. गार. तसाच राहिला.

बाई आल्या तेव्हा माळेची गाठ बसत होती.

"दुकान बंद करणार होतात ना?" सासूबाईंनी विचारलं.

"बघून करायचं काम बंद," मामंजी म्हणाले, आणि बाईंना ग्रीकांची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला लागले.