निळ्या डब्यावरचा थापा

टिकलीएवढा हिरवा कागद — गोल, कडेला किंचित उचकटलेला, आणि त्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत ‘तपासले’. हर्षालीने नखाने तो आणखी थोडा उचकटला, पुन्हा दाबला, पुन्हा उचकटला. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, अगदी मधोमध, देवाला कुंकू लावावं तसा कुणीतरी नेमका लावलेला हा ठिपका, आणि त्याच्या बरोबर खाली, फळीच्याही खाली... टप्. मग बराच वेळ काहीच नाही. आता थांबलं बाई, असं वाटायला लागेपर्यंत काही नाही. आणि मग पुन्हा, टप्.

असे ठिपके सगळीकडे होते. खिडकीवर, जिचं रबर पहिल्याच दिवशी तिच्या हातात मेलेल्या सापासारखं लोंबत आलं होतं. कपाटावर, जे कुणी आत चाललं की आपणहून उघडायचं आणि पाहुण्यासारखं आ वासून बघत राहायचं. दिव्याच्या बटणावर, जे दाबलं की दिवा नाही, पंखा लागायचा. पर्यटकांना भाड्याने द्यायला बाबांनी घेतलेली नवीकोरी कॅराव्हॅन! आतला प्लास्टिकचा वास अजून गेला नव्हता, गादीवरचं पारदर्शक वेष्टण बाबांनी काढू दिलं नव्हतं, आणि तरी ही आत्ताच म्हातारी झाल्यासारखी सगळीकडून कुरकुरत, गळत सूर्यमाळच्या या उतारावर उभी होती.

ठिपका निघालाच शेवटी. तो बोटाच्या टोकावर घेऊन काय करावं ते तिला सुचेना, म्हणून तिने तो कपाळावर लावला आणि मोरीच्या आरशात पाहिलं. आरसाही तिरका. तपासलेली हर्षाली, ती म्हणाली, आणि एकटीच खुदकन हसली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांसमोर एक मुलगी आली — कुठल्याशा पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये, हातात हिरव्या ठिपक्यांची गुंडाळी, मागे ओरडणारा साहेब, आणि ही आपली चालता चालता लावतेय, झाकणावर लाव, दारावर लाव, मनात जेवणाच्या सुट्टीत कुणाला काय सांगायचं ते... तिला तरी काय बोलायचं? टाकीत पाणी भरून बघ म्हणून तिला कुणी सांगितलंच नसेल. आणि तिने बघितलं असतं तरी इथलं पाणी तिला कुठून कळणार होतं. इथं मे महिन्यात टँकर विहिरीत पाणी ओततो आणि पाड्यावरच्या बायका ते हंड्याने काढून चढ चढून आणतात, हे त्या मुलीच्या शेडमध्ये कुणाला—

टप्.

ती उठली. बसवतच नव्हतं. बाबा दुपारी कंपनीच्या माणसाला घेऊन येणार होते, आणि त्याआधी तिला एक काम करायचं होतं, जे सकाळपासून ती करत नव्हती.

कपाळावरचा ठिपका तसाच ठेवून ती बाहेर आली. ऊन पांढरं झालेलं. काम साधं होतं : निळ्या पत्र्यावर तांदळाच्या पिठाने उमटवलेले हाताचे पाच थापे पुसायचे. कंपनीच्या माणसाने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, “मॅडम, बदलून देऊ, पण बॉडी दिली तशी पाहिजे. फोटोत रंगबिंग लावलेला दिसतोय. तशी आम्ही घेत नाही.” मॅडम! गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा जिचा आवाज घशात अडकायचा, तिला. जव्हारच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मात्र तिच्या आत कुणी तरी दार उघडून ठेवल्यासारखं झालं होतं. जीपवाल्याला ती गाणी हळू लाव म्हणायची, बाबांच्या कचेरीत जाऊन साहेबांशी बोलायची, आणि कंपनीशी भांडायचं कामही बाबांनी तिच्यावरच टाकलं होतं, कारण बाबांचं म्हणजे, तुळशीदास भाऊसाहेबांचं, सगळं चालायचं. खिडकी लागत नाही? चालतंय. दिव्याचा पंखा होतो? चालतंय, वारा तरी येतो. फक्त पाण्यापाशी येऊन त्यांचं ‘चालतंय’ थांबलं होतं.

तिथंही आईने अडवलंच होतं. “नारळ फोडलेली वस्तू परत पाठवतात होय?”

“परत नाही गं, बदलून,” बाबा म्हणाले होते. “देवाला काय नंबर पाठ असतो का गाडीचा?” आणि मग हर्षालीकडे वळून, हळू आवाजात, “तू सकाळच्या जीपने जा. ते पीठ पूस. नीट. डाग नको.”

फडकं होतं. पाणी? टाकीतलं घ्यायचं तर उरलंय किती कोण जाणे. ती गाडीखाली वाकून बघायला गेली आणि तशीच वाकून राहिली. जिथे थेंब पडत होता तिथे बरोबर एक जर्मनचं पातेलं ठेवलेलं होतं. अर्धं भरलेलं. तिचं नव्हे, घरचं नव्हे.

“लाथाडू नको गं ते!”

माघी उतारावरून हंडा घेऊन येत होती. पाड्यावरची माघी, सातवीपर्यंत तिच्याच वर्गात, तिच्याच बाकावर. आता पाहुण्यांसाठी डब्याची टाकी भरायचं काम तिच्या घराकडे दिलेलं. सगळा पाडा कॅराव्हॅनला ‘डबा’च म्हणायचा.

“हे तू ठेवलंस?”

“मंग कोण? पयल्या दिसापासून ठेवतंय.” माघीने हंडा उतरवला, चुंबळ सोडून त्याच फडक्याने मान पुसली. “सकाळी भरतंय, घरी नेतंय. तेवढाच एक फेरा वाचतो.”

“म्हणजे तुला माहीत होतं गळतंय ते? आणि बोलली नाहीस?”

“मला काय म्हाईत गळतंय का कसं. म्या म्हनलं शेहरातला डबा हाय, आंघुळीचं पानी खालून सोडत असंल.” ती हसायला लागली. “नवा डबा गळतो असं कुनाला वाटंल गं? आमचा जुना हंडा बी गळत नाय.”

हर्षालीलाही हसू आलं, आणि हसू ओसरण्याआधीच तिची नजर हंड्यावरून पातेल्याकडे गेली. म्हणजे माघी डोक्यावरून पाणी आणून वर ओतणार, ते खाली पडणार, माघी ते उचलून पुन्हा डोक्यावर... आणि मी? मी त्या व्यासपीठावर पाणी या विषयावर बोलले होते. हंड्याच्या ओझ्यावर बोलताना आवाज कुठे थरथरवायचा ते आरशासमोर उभं राहून ठरवलं होतं. टाळ्या त्याच वाक्याला पडल्या होत्या.

“यातलं थोडं घेऊ? पुसायला?”

“घे की. तुमचंच हाय.” मग जरा थांबून, “म्हंजे होतं. कपाळाला काय लावलंय गं? हिरवी टिकली?”

“कंपनीची आहे,” हर्षाली म्हणाली आणि फडकं बुडवलं.

पहिला थापा सहज गेला. दुसरा, तिसरा. वाळलेलं पीठ ओलं झालं की आधी फुलायचं, मग घसरायचं, आणि खाली निळा पत्रा पुन्हा दुकानातल्यासारखा. आईचा थापा, शेजारच्या दोघींचे, पुष्पलता काकूचा — तिच्या बांगडीचासुद्धा ठसा उठला होता — एकेक करत चार गेले. हात आपला चालत होता. आणि मग पाचव्यापाशी, दाराच्या डाव्या अंगाला, सगळ्यांपेक्षा खाली लावलेल्या त्या लहानशा थाप्यापाशी तो थांबला.

हा हिराबाई आत्याचा.

त्या दिवशी... किती गर्दी होती त्या दिवशी. डब्याच्या चाकांवर लिंबं, दाराला झेंडूचं तोरण, परातीत कालवलेलं पीठ, आणि नव्या वस्तूला थापे लावायला आलेल्या सवाष्णी. आत्या मागे, जांभळीच्या बुंध्यापाशी उभी होती. तिचे यजमान गेल्यापासून ती अशा वेळी मागेच उभी राहायची. कुणी तिला जा म्हणायचं नाही आणि कुणी ये म्हणायचं नाही, ती जागा तिची तिनेच ओळखून घेतलेली. आणि हर्षालीच्या आतलं ते नवं दार धाडकन उघडलं होतं. “आत्या, तूच लाव! मला नाही पटत हे असलं!” ती सगळ्यांदेखत म्हणाली, आत्याचं मनगट धरून तिला पुढे आणलं, पिठात तिचा हात बुडवला आणि पत्र्यावर टेकवला. मोबाइल धाकट्या भावाच्या, भावेशच्या हातात होता, चित्रण चालू. संध्याकाळी तिने ते स्टेटसला ठेवलं. मैत्रिणींचे बदाम आले. शाळेतल्या बाईंनीसुद्धा ‘अभिमान वाटतो’ असं लिहिलं.

पण ते मनगट... ओढलं होतं का गं तिने मागे? अगदी थोडं? हर्षालीच्या बोटांना ते तेव्हाही कळलं होतं. वासरू दावं ओढून बघतं तसा एक हिसका, आणि तिने त्यावर आणखी जोर लावला होता, कारण सगळे बघत होते, कारण वाक्य बोलून झालं होतं आणि आता मागे येता येत नव्हतं. नंतर दिवसभर आत्याने तो हात पदराखाली ठेवला होता. पीठ वाळून तडकलं तरी धुतला नव्हता. का? लाजून? रागावून? की... आणि हे एवढे दिवस मी विचारलं का नाही? सगळ्यांशी बोलते मी. जीपवाल्याशी बोलते.

ती कातळावर चढली. तिथे उभं राहिलं की मोबाइलला रेंजच्या दोन काड्या यायच्या. तिने आत्याला फोन लावला.

“पुसलंस का गं सगळं?” आत्यानेच विचारलं. मोखाड्याच्या घरात मागे कुकरची शिट्टी होत होती.

“तुझा राहिलाय, आत्या.”

“मग पूस की. माझ्यासाठी तुझ्या बाबांचं काम अडायला नको.”

“पण आत्या, तेव्हा तुला—”

“थांब गं.” पलीकडे आवाज खाली आला, कुणी ऐकेल असा. “नीट दिसतोय का अजून? बोटं वगैरे?”

“दिसतायत.”

“पाची?”

“हो.”

“बरं,” आत्या म्हणाली, आणि त्या ‘बरं’च्या पुढे काही होतं की नव्हतं हे कळायच्या आत आवाज तुटला. काड्या गेल्या. हर्षाली कातळावर चहूकडे फिरली, मोबाइल डोक्यावर धरून, टाचा उंचावून... नाहीच.

पाची, असं का विचारलं?

ती उतरून पुन्हा त्या थाप्यासमोर उकिडवी बसली, इतकी जवळ, की तिचा श्वास पत्र्यावर उमटून विरत होता. आजवर हा तिने लांबूनच बघितला होता, आणि मोबाइलमध्ये. हे काय? करंगळीच्या बाहेर आणखी एक करंगळी. पुसटशी. अंगठ्याच्या कडेला फरपटल्यासारखं पातळ पीठ, एका अंगाला ओढ गेलेलं. तो तिचा. म्हणजे आत्याचा हात, पण ओढ हर्षालीची. आणि त्याच्यावर, किंचित बाजूला, दुसरा : दाट, शांत, बोटं फाकलेली, तळव्याच्या बुडाशी इतका दाबलेला की पीठ कडेने सरकून त्याचा जाड काठ झालेला. त्याला कुठे ओढ नव्हती. कुणी मनगट धरलेला हात असा उमटत नाही.

पुन्हा लावला होता आत्याने. स्वतःहून. कधी? सगळे नारळाकडे वळले तेव्हा? चित्रण बंद झाल्यावर? परातीत पुन्हा हात बुडवून, कुणी बघत नाही हे बघून...

तिच्या अंगावर काटा आला आणि लगेच, त्याच्या पाठोपाठच, थोडंसं हिरमुसल्यासारखंही झालं, याची तिला स्वतःचीच गंमत वाटली. म्हणजे तो बदामांचा थापा खालचा होता. ओढलेला, फरपटलेला. वरचा कुणाच्या मोबाइलमध्ये नव्हता. त्याला माझी गरज लागली होती का? सुरुवातीला लागली असेल... की नसेलच? आणि आता या दोन्हींवरून एकच फडकं फिरणार. नाही फिरवलं तर डबा इथेच राहणार, हाच, गळका. बाबा चालतंय म्हणतील, आणि माघी पाणी वर ओतेल आणि खालून उचलेल, पावसाळा येईपर्यंत. फिरवलं तर नवा डबा येईल, तितकेच हिरवे ठिपके लावलेला, आणि त्याला थापे लावायला पुन्हा सवाष्णी येतील, आणि आत्या... तेव्हा कुणी ओढायचं नाही हं. तेव्हा तिने जांभळीपाशी उभं राहायचं की पुढे यायचं?

मोबाइल वाजला. एखादी काडी कुठून तरी आली असणार. “घाटाच्या वळणावर आहोत,” बाबा. मागे परक्या माणसाचा खोकला. “झालं ना सगळं?”

“बाबा, एक राहिलंय.”

“मग उरक की! साहेब बरोबर आहेत. काय राहिलंय?”

एरवी तिचं वाक्य तयार असायचं. हल्ली तर प्रश्न पुरा होण्याआधीच तयार असायचं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा त्यासकट. आताही तिने तोंड उघडलं, आणि आत बघितलं, तर तिथे एकही वाक्य नव्हतं. नुसती मोकळी जागा, धूळ झाडून ठेवलेली. विशेष म्हणजे जुनी भीती आली नाही. फक्त आत्याला आधी विचारायचं राहिलं होतं, आणि ते विचारल्याशिवाय बोलायला तिची ती तयार नव्हती.

“हॅलो? हर्षाली?”

“ऐकतेय, बाबा,” ती म्हणाली. आणि थाप्याकडे बघत राहिली.

हातातल्या फडक्यातून पाणी धुळीत ठिबकत होतं, ते तिच्या लक्षातही नव्हतं. माघीने गाडीखालचं पातेलं ओढलं आणि काही न बोलता तिच्या हाताखाली सरकवलं.

“हे बी गळतंय,” माघी म्हणाली.

खाली वळणावर गाडीने गिअर बदलल्याचा आवाज आला. हर्षालीने कपाळावरचा हिरवा ठिपका काढला, तो कुठे लावावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि बोटाच्या टोकावर तसाच धरून उकिडवी बसून राहिली... समोर पत्र्यावर एकावर एक दोन हात, आणि आतून, टाकीखालून, आता मोकळ्या धुळीवर पडणारा तो आवाज, जो या वेळी नेहमीपेक्षा जरा उशिरा आला, की तिनेच पहिल्यांदा नीट वाट पाहिली होती, हे तिला सांगता आलं नसतं.